आईचं लो आयोडीन डाएट: तीन लिस्टा आणि मिठाच्या दोन बरण्या

आईची थायरॉइड ग्रंथी काढून सात आठवडे झाले तेव्हा डॉक्टरांनी रेडिओआयोडीनची, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनच्या ट्रीटमेंटची, तारीख दिली आणि त्याच्या आधी १४ दिवस लो आयोडीन डाएट करा म्हणून एक पानाची लिस्ट हातात ठेवली. घरी येऊन मी नेटवरून दुसरी काढली, मावशीने ओळखीतल्या कुणाची तरी तिसरी पाठवली, आणि रात्री तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघते तर एकीत राजमा चालतो दुसरीत नाही, एकीत बटाटा चालतो पण साल काढून, एकीत गोड्या पाण्यातले मासे चालतात आणि एकीत मासे म्हटलं की सरळ काट. आई म्हणाली, अगं तुम्ही आधी आपसात ठरवा, मग मला जेवायला बोलवा.

घरातली परिस्थिती सांगते कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. आई ६२ वर्षांची, पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर, ऑपरेशन नीट झालेलं. बीपीसाठी पाणी काढणारी गोळी कित्येक वर्षं चालू. थायरॉइडची रोजची गोळी या ट्रीटमेंटसाठी चार आठवडे बंद केलेली, म्हणजे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ३० च्या वर जावा म्हणून, त्यामुळे ती आधीच सुस्त आणि चिडचिडी. घरात मी, दादा आणि वहिनी, आणि वहिनीला सहावा महिना. स्वयंपाक एकच, जेवणारे चार.

हे डाएट कशासाठी ते आईला मी असं सांगितलं: ऑपरेशननंतर गळ्यात किंवा इतर कुठे थायरॉइडच्या थोड्या पेशी राहिल्या असतील तर त्यांना आयोडीनची भूक असते, आणि साधं आयोडीन कुठलं आणि किरणोत्सर्गी कुठलं हे त्यांना कळत नाही. दोन आठवडे उपाशी ठेवलं की मग आय-१३१ ची, म्हणजे त्या किरणोत्सर्गी आयोडीनची, कॅप्सूल आली की त्या अधाशासारख्या ओढून घेतात आणि आतून मरतात. पोटं आधीच भरलेली असतील तर औषध बरंचसं लघवीतून निघून जाणार. (थायरॉइडच्या या अधाशीपणाचा फायदा घ्यायची कल्पना जुनी आहे, १९४१ साली बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी पहिल्यांदा पेशंटला रेडिओआयोडीन दिलं, तेव्हा ते गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्या थायरॉइडसाठी होतं, कॅन्सरसाठी नाही.) मोठ्या माणसाला रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, या डाएटमध्ये ते ५० च्या खाली ठेवायचं. शून्य नाही, ५० च्या खाली. हा फरक मला वेळेवर कळला असता तर पुढचा घोळ झाला नसता.

आता लिस्टा का जुळत नव्हत्या. मला आधी वाटलं एक बरोबर आणि दोन चूक असतील, पण तसं नव्हतं, त्या वेगवेगळ्या देशांतल्या मिठाला धरून लिहिलेल्या होत्या. ब्रिटनमध्ये घरातलं मीठ बहुतेक वेळा आयोडीन न घातलेलं असतं आणि लोकांना आयोडीन मिळतं ते मुख्यतः दुधातून, त्यामुळे तिथल्या लिस्टेत दूध आणि मासे यांच्यावर जोर. अमेरिकेत घरच्या डब्यातलं मीठ आयोडीनवालं असू शकतं पण कारखान्यात पॅकबंद पदार्थांत पडणारं बहुतेक नसतं. आणि काही देशांत खायचं सगळंच मीठ आयोडीनवालं असावं असा कायदा आहे, तिथे पाकिटातलं खारट काहीही म्हणजे आयोडीन आलंच असं धरावं लागतं. म्हणजे पदार्थाचं नाव बघून हो की नाही ठरवणं हाच मुळात चुकीचा खेळ, विचारायचं ते एवढंच की यात आयोडीन शिरलं असेल तर कुठल्या वाटेने. समुद्रातून, मिठातून, गाईच्या खाद्यातून, रंगातून नाहीतर औषधातून. वाटा फार नाहीयेत.

आणि मी पहिल्याच वाटेवर आपटले. लो आयोडीन म्हणजे मीठ बंद, असं डोक्यात बसलं आणि पहिल्या दिवसापासून आईचं जेवण पूर्ण अळणी केलं, ती कुरकुर करत खायची, आणि अळणी जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून वर पाणी भरपूर प्यायची. चौथ्या दिवशी सकाळी मळमळ, डोकं दुखतंय, उभं राहिलं की चक्कर. मला वाटलं थायरॉइडची गोळी बंद आहे त्यामुळे असेल. दादाने ऐकलं नाही, सरळ रक्त तपासायला घेऊन गेला, सोडियम १२८. नॉर्मल १३५ ते १४५. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "मीठ बंद करायला कुणी सांगितलं? आयोडीन बंद करायचंय, मीठ नाही." वय, थायरॉइड बंद, पाणी काढणारी गोळी, वर मीठ शून्य आणि पाणी भरपूर, हे सगळं एकत्र आलं की सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं हे त्यांनी तेव्हा नीट समजावलं. बीपीची गोळी बदलली, पाण्यावर मर्यादा घातली, मीठ परत सुरू करायला सांगितलं पण आयोडीन नसलेलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी करायला लावली, तेव्हा १३४ आलं. लिस्टेवर हे लिहिलेलं होतं का? होतं, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, "नॉन आयोडाइज्ड मीठ चालेल". मी 'टाळा' असं लिहिलेला वरचा भाग तीनदा वाचला होता आणि खालचा एकदाही नाही.

मग मीठ आणायला गेले आणि घाईत 'लो सोडियम' लिहिलेलं पाकीट उचलून आणलं. घरी येऊन चष्मा लावून मागची बाजू वाचली तर आयोडीन त्यातही होतं, शिवाय सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं, म्हणजे आईला जे हवं ते नाही आणि जे नको ते आहे. 'लो सोडियम' आणि 'लो आयोडीन' दिसायला सारखेच पण एकमेकांशी काही संबंध नाही. समुद्री मीठ आणि गुलाबी मीठ यांच्याबद्दलही घरात चर्चा झाली, नैसर्गिक आहे मग चालेल वगैरे, पण नैसर्गिक म्हणजे आयोडीन नाही असं होत नाही आणि किती आहे ते पाकिटावर छापलेलं नसतं, म्हणून दोन्ही बाजूला ठेवली. 'आयोडीन न घातलेलं' असं स्पष्ट लिहिलेलंच मीठ घ्यायचं. कुणीतरी सांगितलं की साधं मीठ तव्यावर भाजलं की आयोडीन उडून जातं. थोडंफार कमी होत असेलही, पण किती ते कोण सांगणार, तव्याच्या भरवशावर ट्रीटमेंट लावायची का.

मीठ सुटल्यावर बाकीचं सोपं झालं. ताजी फळं, भाज्या, भात, साधं पीठ, तेल, साखर, मध, मिरी, कोरी कॉफी, बिन मिठाचे दाणे आणि बदाम, यात शिरायला आयोडीनला वाटच नाही, जमिनीतून झाडात येतं ते फार थोडं. यावर आम्ही वेळ घालवला नाही. मांस समुद्रातलं नसलं तरी त्यात थोडं असतं म्हणून दिवसाला साधारण १५० ग्रॅमपर्यंत, आणि ते ताजं, साधं आणून घरी शिजवलेलं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं किंवा मसाला लावून ठेवलेलं नाही. समुद्री मासे, कोळंबी, खेकडे, समुद्री शेवाळ पूर्ण बंद. शेवाळाचं तर असं आहे की काही जातींच्या एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमच्याही वर आयोडीन असतं, तिथे चिमूटभर वगैरे काही नसतं. गोड्या पाण्यातला मासा तत्त्वतः चालतो, पण विकणाऱ्याला दोनदा विचारूनही तो नक्की कुठल्या पाण्यातला ते सांगता येईना, तर सोडून दिला, दोन आठवड्यांचा तर प्रश्न.

दूध बंद का, हे आईला पटत नव्हतं, दुधात कुणी मीठ घालतं का म्हणे. घालत नाही, पण गाईच्या खाद्यात आयोडीन घालतात आणि धार काढताना सड पुसायला आयोडीनचं जंतुनाशक बऱ्याच ठिकाणी वापरतात, दोन्हीकडून ते दुधात उतरतं. एका कपात साधारण ५० ते ९० मायक्रोग्रॅम. म्हणजे एकच कप आणि दिवसाचा कोटा संपला. दही, चीज, आइस्क्रीम, दुधाचं चॉकलेट हे त्याच्या मागोमाग.

यावर मी हुशारी करून बदामाचं दूध आणलं. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात होतं: पाणी, बदाम, सी सॉल्ट, कॅराजीनन, आणि शेवटी पोटॅशियम आयोडाइड. तीन वाटा एकाच खोक्यात! समुद्री मीठ, समुद्री शेवाळापासून काढलेला घट्टपणा आणणारा पदार्थ, आणि दुधाची बरोबरी करायची म्हणून मुद्दाम घातलेलं आयोडीन. ते दूध वहिनीला दिलं आणि आईसाठी रात्री बदाम भिजवून सकाळी वाटून फडक्यातून गाळून घेतलं, कॉफीत घातलं की जरा फाटतं पण चालतं. मावशीने मध्येच सुचवलं की सोयाबीनचं दूध द्या ना. सोयाची गंमत वेगळी आहे, त्यात आयोडीन काही फार नसतं पण ते थायरॉइडच्या आयोडीन घेण्यात लुडबुड करू शकतं म्हणून लिस्टेत बंद, सोयाबीनचं तेल मात्र चालतं. मावशीला तेल चालतं आणि दूध नाही हे शेवटपर्यंत पटलं नाही.

अंड्याचं मला आवडलं कारण तिथे उत्तर हो किंवा नाही असं नव्हतं, एकाच कवचात दोन्ही होतं. आयोडीन जवळजवळ सगळं बलकात, एका मोठ्या अंड्यात २५ ते ३० मायक्रोग्रॅम, पांढरा भाग मोकळा. रोज सकाळी मी अंडं फोडून बलक या अर्ध्या कवचातून त्या अर्ध्या कवचात फिरवत पांढरं वाटीत सोडायचे, बलक दादाच्या ऑम्लेटमध्ये. पाचव्या दिवशी बलक फुटून वाटीत पिवळी रेघ गेली, आई म्हणाली टाकून दे, मी म्हटलं नको, चमचाभर पिवळ्याने काही होत नाही, आपण हिशेब ५० चा ठेवलाय, शून्याचा नाही. सोडियमच्या प्रकारानंतर माझ्यात एवढी अक्कल आली होती.

ब्रेडबद्दल वाचून मलाच आश्चर्य वाटलं. मीठ तर आहेच, शिवाय काही ठिकाणी पीठ मऊ व्हावं म्हणून आयोडेट (आयोडीनचाच एक क्षार) घालतात, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये तर २००९ पासून साध्या ब्रेडला आयोडीनवालं मीठच वापरायचं असा नियम आहे. बेकरीवाल्याला विचारून उत्तर मिळेल अशी आशा नव्हती, म्हणून घरी पीठ, यीस्ट, तेल आणि आमचं मीठ घालून भाजला, पहिला दगड झाला, दुसरा बरा. बाहेरचं जेवण या १४ दिवसांत एकदाही नाही, स्वयंपाकघरात कुठलं मीठ आहे ते वाढणाऱ्याला माहीतच नसतं.

राजमा, बटाट्याची साल वगैरे वादाचे मुद्दे मी डॉक्टरांना फोटो काढून पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं, की आमची लिस्ट धरा, तीत नसेल ते टाळा आणि बाकीच्या दोन फाडून टाका. खरं सांगायचं तर ५० च्या हिशेबात बटाट्याच्या सालीने काय फरक पडतो मला अजून वाटत नाही, पण साल काढायला किती वेळ लागतो, काढली.

आता जे मी सगळ्यात शेवटी बघितलं आणि सगळ्यात आधी बघायला हवं होतं ते, औषधांचा डबा. ताटातल्या मायक्रोग्रॅमवरून आम्ही भांडत होतो आणि डब्यात काय काय निघालं बघा. मल्टिव्हिटॅमिनची लाल गोळी, तिच्यात १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सरळ लिहिलेलं, वर रंग ई-१२७. हा लाल रंग म्हणजे एरिथ्रोसीन, त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग आयोडीनच असतो, तो चेरीच्या मिठाईत आणि कॅप्सूलच्या कवचातही सापडतो, सगळेच लाल रंग वाईट नाहीत पण हा नंबर लक्षात ठेवायचा. दुसरी कॅल्शियमची गोळी, ऑपरेशननंतर आईला ती गरजेची, तर ती शिंपल्यापासून बनवलेली, म्हणजे समुद्र आला. मल्टिव्हिटॅमिन बंद झालं. कॅल्शियम बंद करायचं नव्हतं, ते आपल्या मनाने थांबवलं तर हातापायाला मुंग्या आणि पेटके, डॉक्टरांनी दुसऱ्या स्रोताचं लिहून दिलं. खोकल्याच्या लाल गोळ्या आणि जखमेला लावायचं आयोडीनचं मलम दादाने त्याच्या खोलीत नेऊन ठेवलं.

आणि डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलेला प्रश्न तेव्हा मला फालतू वाटला होता, गेल्या काही महिन्यांत कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून टोचतात ते आयोडीनवालं औषध, देऊन सीटी स्कॅन झालाय का. झाला होता, ऑपरेशनच्या आधी. नंतर मी हिशेब केला. कॉन्ट्रास्टच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण ३०० मिलिग्रॅम आयोडीन, १०० मिलिलिटर दिलं तर ३० ग्रॅम. आमच्या रोजच्या ५० मायक्रोग्रॅमने ते खायचं म्हटलं तर ६ लाख दिवस लागतील. म्हणूनच कॉन्ट्रास्टनंतर बहुतेक डॉक्टर सहा ते आठ आठवडे तरी थांबतात, आमचे तारखेपर्यंत तीन महिने होत होते म्हणून अडलं नाही. तो स्कॅन अलीकडचा असता तर मी अंड्याचा बलक कितीही नाजूक हाताने वेगळा केला असता तरी काही उपयोग नव्हता.

नवव्या दिवशी बरण्यांचा घोळ झाला. आमच्याकडे मिठाच्या दोन बरण्या होत्या, आईच्या बरणीला निळी टेप, बाकीच्यांची साधी. दोन का, तर वहिनीमुळे. सगळ्या घराने आईचंच मीठ खाल्लं तर सोपं पडेल असं मीच आधी सुचवलं होतं, पण वहिनीच्या डॉक्टर नाही म्हणाल्या, गरोदरपणात आयोडीन उलट जास्त लागतं, रोज साधारण २५० मायक्रोग्रॅम, पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी. म्हणजे एकाच ओट्यावर एकीला ५० च्या आत ठेवायचं आणि दुसरीला २५० पर्यंत न्यायचं. मग भाजी बिन मिठाची शिजवायची, आईची वाटी आधी काढून तिच्यात निळ्या टेपचं मीठ आणि उरलेल्या भांड्यात साधं, असं ठरलं. त्या दिवशी दादाने प्रेमाने स्वयंपाक केला आणि सवयीने साधं मीठ आधीच घालून मोकळा झाला, आई निम्मं जेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, चेहरा उतरला त्याचा, ट्रीटमेंट पुढे ढकलावी लागणार म्हणून.

मी वही काढली. अर्धा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम मीठ. आमच्या पाकिटावर ३० पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममध्ये ३० मायक्रोग्रॅम, एकूण ९०. भांडं चौघांचं, आईचा वाटा साडेबावीस, तिने निम्मं खाल्लेलं म्हणजे अकराच्या आसपास. त्या दिवशी बाकी काही आयोडीनवालं नव्हतं. वाटी बाजूला केली, दुसरी भाजी दिली, डॉक्टरांना मेसेज टाकला, त्यांनी अंगठा पाठवला, बस. दादाला सांगितलं की हेच तू रोज केलं असतंस तर गोष्ट वेगळी होती. तेव्हापासून साधी बरणी वरच्या फळीवर, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

तेराव्या दिवशी लघवीतलं आयोडीन तपासलं. ही तपासणी सगळीकडे करत नाहीत, आमच्याकडे करून घेतली. लिटरला ६२ मायक्रोग्रॅम आलं, डॉक्टरांना १०० च्या खाली हवं होतं. टीएसएच ७१. आईला कॅप्सूल दिली, पाण्याबरोबर गिळायला एक मिनिट लागलं नाही, एवढ्यासाठी एवढं केलंत होय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट. गरोदर बाईने किरणोत्सर्गापासून लांब राहायचं म्हणून वहिनी आदल्या दिवशीच तिच्या आईकडे राहायला गेली होती, आई दवाखान्यातून आल्यावरही डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांपर्यंत तिने इकडे यायचं नव्हतं.

डाएट कॅप्सूल घेतली की लगेच संपत नाही, आम्हाला आणखी दोन दिवस चालू ठेवायला सांगितलं होतं, काही ठिकाणी दिवस वेगळे असतात. तिसऱ्या दिवशी आईने दुधाची कॉफी आणि आख्खं उकडलेलं अंडं मागितलं, थायरॉइडची गोळीही परत सुरू झाली.

निळ्या टेपची बरणी मात्र मी त्याच दिवशी ओट्यावरून काढली, अर्धी भरलेली होती. पुढच्या स्कॅनच्या वेळी परत लागेल म्हणून दादा ठेवू म्हणत होता, पण ओट्यावर राहिली असती तर वहिनी परत आल्यावर हाताला तीच लागली असती, वरच्या फळीला कुणाचा हात पोचत नाही. शेवटी तोंड चिकटपट्टीने बंद करून, वर तारीख आणि 'फक्त आईच्या डाएटसाठी' लिहून ती औषधांच्या कपाटात ठेवली, आणि साधी बरणी स्टूल घेऊन खाली काढली.